बंदराची किंमत नेमकी कुठे मोजायची?

जमाखर्च
नमस्कार मंडळी. मी हिशेब तपासणारी बाई. दुसऱ्यांच्या ताळेबंदात खोट काढायची हाच धंदा, पंचवीस वर्षं. बंदराशी संबंध शून्य. पण गेल्या महिन्यात एका बंदराच्या विस्ताराचा अहवाल वाचायला मिळाला आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय.

अहवालात दोन आकडे आहेत. पहिला बंदराच्या स्वतःच्या वार्षिक उत्पन्नाचा: जहाजांकडून घेतलेलं शुल्क, जागेचं भाडं वगैरे. तो माफक आहे. दुसरा आकडा ‘एकूण आर्थिक योगदान’ नावाचा, पहिल्याच्या कित्येक पट. त्यात कारखाने, गोदामं, ट्रकवाले, विमा कंपन्या असे सगळेच आलेत. पुढच्या पानावर या दुसऱ्या आकड्याच्या जोरावर धक्का वाढवायला आणि चॅनल (जहाजं आत येतात ती पाण्याची वाट) खोल करायला सरकारी तिजोरीतून रोकड मागितली आहे.

एखाद्या दुकानदाराने मला सांगितलं असतं, की माझी विक्री कमी असली तरी माझ्यामुळे गल्लीची केवढी सोय होते ते धरा आणि कर्ज द्या, तर मी फाईल बंद केली असती. बंदराच्या बाबतीत ते उचित होणार नाही हेही कळतं. मग हा दुसरा आकडा खरा किती, फुगवलेला किती? आणि पुढच्या तीस वर्षांसाठी पैसा घालायचा तर काय बघून घालायचा? जाणकारांनी सांगावं. ‘बंदरं म्हणजे विकासाची प्रवेशद्वारं’ हे वाक्य अहवालात चार वेळा आहे, इथे पाचव्यांदा नको.

ओहोटी
जगातला 80 टक्क्यांहून जास्त व्यापार, वजनाने मोजला तर, समुद्रावरून होतो. मार्च 2021 मध्ये एव्हर गिव्हन नावाचं एकच जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं, सहा दिवस, आणि जगभर बोंब उडाली. यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा? बंदर आठवडाभर बंद ठेवून बघा, किंमत आपोआप कळेल.

बर्थनंबर4
ओहोटी, तुमचा मुद्दा सगळेच मांडतात, म्हणून आधी त्याचाच समाचार घेतो.

बंद ठेवून बघितलंय. 2002 साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं कामगार-मालक वादात 10 दिवस बंद होती. दिवसाला एक ते दोन अब्ज डॉलर नुकसान, असे आकडे तेव्हा सर्रास फिरत होते. पुढे 2006 मध्ये अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने शांतपणे बसून हिशेब मांडला, की लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही दोन बंदरं आठवडाभर अचानक बंद पडली तर काय होईल. उत्तर आलं दिवसाला साडेसहा ते पंधरा कोटी डॉलर. आधीच्या बोंबेच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी. कारण उघड आहे. माल बुडत नाही, उशिरा येतो. जहाज बाहेर नांगर टाकून थांबतं, काही जहाजं दुसरीकडे वळतात, कारखाना साठ्यातलं वापरतो आणि नंतर जादा पाळी लावून भर काढतो.

हे वाचून जमाखर्चताई खूश होतील, पण थांबा. आता कोबेचं बघा. 17 जानेवारी 1995 च्या भूकंपात जपानचं कोबे बंदर मोडलं. त्याआधी ते जगातल्या कंटेनर बंदरांत सहाव्या क्रमांकावर होतं. दोनेक वर्षांत धक्के पुन्हा उभे राहिले, पूर्वीपेक्षा मजबूत. गिऱ्हाईक मात्र परतलं नाही. कोबेत एका जहाजातून दुसऱ्या जहाजात चढणारा माल तोवर दक्षिण कोरियाच्या बुसानला आणि इतर बंदरांना सरावला होता. म्हणजे आठवडाभर बंद पडल्याचं नुकसान फुगवून सांगतात आणि दोन वर्षं बंद पडल्याचं नुकसान कुणी नीट सांगतच नाही.

आता मूळ प्रश्न. मी आधी जहाजावर होतो, मग किनाऱ्यावर येऊन बावीस वर्षं बर्थ प्लॅनिंग केलं. म्हणजे कुठलं जहाज कधी, कुठल्या धक्क्याला, किती क्रेन लावून. त्या खुर्चीतून दिसलेलं सांगतो, अर्थशास्त्र तुम्ही बघा.

तुमच्या अहवालातल्या दुसऱ्या आकड्यात हमखास दुबार मोजणी असते. समजा टायरचा कारखाना आहे, रबर समुद्रातून येतं. बंदरवाले त्याच्या नोकऱ्या ‘बंदरावर अवलंबून’ म्हणून धरतात. त्याच नोकऱ्या रेल्वेवाले आपल्या अहवालात धरतात, महामार्गवाले त्यांच्या, वीजवाले त्यांच्या. सगळे अहवाल एकावर एक ठेवले तर कारखान्यात आहेत त्याच्या चौपट माणसं कामाला लागलेली दिसतील. पेट्यांचंही, म्हणजे कंटेनरचंही, तसंच. एक पेटी मोठ्या जहाजातून उतरून लहान जहाजात चढली की बंदराच्या खात्यात दोन पेट्या लागतात. सिंगापूरने 2024 मध्ये 4 कोटी टीईयूंचा टप्पा ओलांडला (टीईयू म्हणजे वीस फुटी पेटीचं माप), त्यातला फार मोठा भाग असा चढ-उतारीचाच. त्यात सिंगापूरची काही चूक नाही, त्यांची कमाईच त्यावर आहे. पण तो आकडा ‘देशाचा व्यापार’ म्हणून वाचलात तर फसलात.

बरं, मग बंदराची खरी किंमत कुठे? ती बंदरात नाही, पाठीमागच्या मुलखात आहे, आणि तीही वेळेच्या रूपात. रॉटरडॅममध्ये उतरलेला कोळसा, लोखंडाचं खनिज, पेट्या ऱ्हाइन नदीने जर्मनीच्या रूर भागात जातात, पार स्वित्झर्लंडच्या बाझेलपर्यंत जातात. बाझेलच्या कारखानदाराला स्वस्त आणि वेळेवर माल मिळतो, हा फायदा रॉटरडॅम बंदराच्या जमाखर्चात कुठेच दिसणार नाही. म्हणून तुमचा पहिला आकडा कायम लहान राहणार. तुमच्या दुकानदारापेक्षा बंदर वेगळं आहे ते इथे. दुकानाचा फायदा गल्लीत राहतो, बंदराचा फायदा नदी चढून परक्या देशात जातो, आणि धूर-आवाज-ट्रकची रांग मात्र बंदराच्या गावात राहते.

एक ठोस उदाहरण देतो, पाण्याच्या खोलीचं. 366 मीटर लांब, 51 मीटर रुंद जहाज पाण्यात एक सेंटीमीटर खोल बसवायला साधारण दीडशे टन माल लागतो. तुमच्या चॅनलमध्ये एक मीटर पाणी कमी असेल तर पंधरा हजार टन माल मागे ठेवून यावं लागतं. भरलेली पेटी 14 टनांची धरली तर हजाराहून जास्त पेट्या. नाहीतर भरतीची वाट बघा. मी स्वतः अशा किती रात्री काढल्यात. जहाज बाहेर उभं, क्रेनवाले, लॅशिंगवाले (जहाजावर पेट्या बांधणारे-सोडणारे) कपडे घालून बसलेले, आणि सगळ्यांचं लक्ष भरतीच्या तक्त्यावर. जहाजाच्या तळाखाली ठरावीक मोकळं पाणी राहिलंच पाहिजे, पायलट (जहाज बंदरात आणणारा वाटाड्या) त्यात तडजोड करत नाही आणि करूही नये. एकदा दहा सेंटीमीटरसाठी सहा तास गेले. त्या सहा तासांचं बिल बंदराला कुणी पाठवलं नाही. ते भाड्यात मिसळलं, भाडं मालाच्या किमतीत मिसळलं.

पण लगेच ‘म्हणजे खोदा’ असा निष्कर्ष काढू नका. खोदलेलं पुन्हा भरतं. गाळ हा बंदराचा कायमचा भाडेकरू, आणि भाडं आपणच त्याला द्यायचं. मध्ययुगात आजच्या बेल्जियममधलं ब्रुज हे उत्तर युरोपातलं बड्या व्यापाऱ्यांचं शहर होतं. त्याची समुद्राकडची झ्विन खाडी गाळाने भरत गेली आणि व्यापार अँटवर्पला गेला. आज ब्रुजमध्ये पर्यटक होडीतून फिरतात. चॅनल खोल करण्याचा खर्च अहवालात एकदाच दाखवलाय की दरवर्षीचा ड्रेजिंगचा, म्हणजे गाळ उपसण्याचा, खर्चही धरलाय, हे आधी बघा. मला विचाराल तर नव्वद टक्के अहवाल इथेच उघडे पडतात.

जमाखर्च
बर्थकाका (म्हटलं तर चालेल ना?), दुबार मोजणीचं वाचून जुना मित्र भेटल्यासारखं वाटलं. ड्रेजिंगचं बघितलं. पहिल्या पाच वर्षांचं धरलंय, त्यानंतर तो रकाना रिकामा. तुम्ही अहवाल न बघता सांगितलंत.

आता पुढचं. ‘आज गिऱ्हाईक नसलं तरी बांधा, गिऱ्हाईक येईल’ असा अहवालाचा सूर आहे. उदाहरण म्हणून सिंगापूर दिलंय. आमच्या धंद्यात याला आशावाद म्हणत नाहीत, दुसरा शब्द आहे.

कोरडवाहू
मध्येच घुसतो. किंमत मोजताना बंदराच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांचंही मोजणार का कुणी? जहाज धक्क्याला लागलं तरी त्याची इंजिनं बंद होत नाहीत, दिवे, पंप, शीतपेट्या चालवायला धूर ओकत असतात. वर नोकऱ्यांचं आमिष. एकेकाळी एक जहाज रिकामं करायला शेकडो माणसं आठवडाभर राबायची, आता क्रेनच्या केबिनमध्येसुद्धा माणूस नको झालाय. मग उरलं काय गावाला?

बर्थनंबर4
दोघांनाही उत्तर देतो. काका चालेल, मामा म्हणू नका.

आधी ताईंचं. सिंगापूरने तांजोंग पगारला पहिला कंटेनर धक्का 1972 मध्ये सुरू केला. निर्णय झाला तेव्हा त्या भागात कंटेनर जहाजं धड फिरकतही नव्हती, म्हणजे जुगार होताच. आता तोच देश शहरातले धक्के हलवून तुआसला नेतोय. तुआसचं उद्घाटन 2022 मध्ये झालं, काम 2040 च्या दशकात पुरं होईल आणि क्षमता वर्षाला साडेसहा कोटी टीईयू. पण जिंकलेल्या जुगाऱ्याचीच गोष्ट सगळे सांगतात.

जर्मनीतलं विल्हेल्म्सहाफेन घ्या. 18 मीटर पाणी, भरतीची वाट बघायला नको, क्षमता 27 लाख टीईयू. सप्टेंबर 2012 ला उघडलं आणि पहिलं पूर्ण वर्ष जवळजवळ रिकामं गेलं. मला तेव्हा तिथल्या क्रेनचे फोटो बघून वाईट वाटायचं, उभ्या बगळ्यांसारख्या. खोली उत्तम, पण दलाल, गोदामं, रेल्वेच्या ठरलेल्या गाड्या सगळ्या हॅम्बुर्ग आणि ब्रेमरहाफेनला. जहाज खोल पाण्याकडे येतं हे खरं, पण पेटी तिच्या मालकाकडे जाते, आणि मालक हॅम्बुर्गच्या सवयीचा.

इथेच गोष्ट संपली असती तर ‘बघा, पैसे बुडाले’ म्हणालो असतो. पण 2022 मध्ये रशियाचा गॅस आटला तेव्हा जर्मनीने द्रवरूप गॅस उतरवायचं पहिलं तरंगतं टर्मिनल विल्हेल्म्सहाफेनलाच, त्याच खोल पाण्यात, काही महिन्यांत उभं केलं. 2025 पासून मर्स्क आणि हापाग-लॉईड या जहाज कंपन्यांच्या नव्या आघाडीने ते मुख्य थांब्यांपैकी एक केलंय. म्हणजे तेरा वर्षांनी दिवस फिरले. आता हे यश म्हणायचं का? ज्याने 2012 साली कर्ज काढलं त्याला विचारा. तुमचा जो ‘दुसरा शब्द’ आहे तो आणि दूरदृष्टी यांत बऱ्याचदा फक्त व्याज कोण भरतंय एवढाच फरक असतो.

उलट उदाहरण मोरोक्कोच्या टँजर मेडचं. 2007 ला सुरू झालं, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर, जिथून जहाजं तशीही जातातच. पण त्यांनी नुसत्या चढ-उतारीवर समाधान मानलं नाही. बंदराला जोडून औद्योगिक क्षेत्रं उभी केली. 2012 मध्ये टँजरजवळ रेनॉचा मोटार कारखाना सुरू झाला आणि गाड्या तिथूनच जहाजात चढू लागल्या. 2024 मध्ये बंदराने एक कोटी टीईयूंचा आकडा पार केला. चढ-उतारीचा धंदा पाहुण्यासारखा असतो, दुसरीकडे बरं दिसलं की उठून जातो. कारखाना असा उठून जात नाही. म्हणून अहवालात मला धक्क्याच्या लांबीपेक्षा धक्क्यामागच्या जमिनीचा नकाशा आधी बघायला आवडतो.

आणि जमीन राखून ठेवणं ही सगळ्यात स्वस्त गुंतवणूक आहे, जी कुणाला दिसत नाही. डेन्मार्कचं एस्बियर्ग आधी मासेमारीचं बंदर, मग उत्तर समुद्रातल्या तेलाचं, आता समुद्रातल्या पवनचक्क्यांचं. पवनचक्कीची पाती आडवी ठेवायला मैदानं लागतात आणि जड बोजा पेलणारी जमीन लागते. ती होती म्हणून जमलं. तेलाचे दिवस जोरात असताना ती जागा विकून टाकली असती तर आज हात चोळत बसले असते.

कोरडवाहू, तुमचा राग रास्त आहे. नोकऱ्यांचं तर मी डोळ्यांनी बघितलंय. 1956 मध्ये अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या वाहतूकदाराने आयडियल एक्स नावाच्या जहाजावर 58 पेट्या चढवून नूआर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या, तेव्हापासून हमालाच्या पाठीवरचं ओझं उतरलं आणि कामही उतरलं. लंडनच्या गोद्या 1967 पासून एकेक करत मिटल्या, शेवटची रॉयल डॉक्स 1981 मध्ये. बंदर मेलं नाही, नदीने खाली टिलबरीला आणि पूर्व किनाऱ्यावर फेलिक्स्टोला गेलं. कामगार मात्र तिथेच राहिले. त्यातल्या एका गोदीच्या जागी आज कॅनरी व्हार्फचे बँकांचे मनोरे आहेत. जमिनीची किंमत कैक पटींनी वाढली, पण ती गोदी कामगाराच्या खिशात गेली नाही. कुठल्याही ‘एकूण योगदान’ आकड्यात हा उलटा रकाना मी पाहिलेला नाही.

धुरावर मात्र उपाय आहे. धक्क्यावरून जहाजाला वीज द्यायची आणि त्याची इंजिनं बंद करायची. लॉस एंजेलिसला कंटेनर जहाजांसाठी हे 2004 पासून आहे. युरोपीय संघाने आपल्या मोठ्या बंदरांत कंटेनर आणि प्रवासी जहाजांसाठी 2030 पर्यंत ही सोय सक्तीची केली आहे. अडचण कोंबडी आणि अंड्याची आहे. धक्क्यावर प्लग नाही म्हणून जहाजवाला सॉकेट बसवत नाही, जहाजावर सॉकेट नाही म्हणून बंदर प्लग बसवत नाही. अशा ठिकाणी सरकारी पैसा घालायला माझी हरकत नाही, कारण फायदा भिंतीला लागून राहणाऱ्याला आहे आणि तो बंदराला कधीच बिल पाठवू शकत नाही.

यंत्रमानवी टर्मिनलबद्दल थोडक्यात. रॉटरडॅमला 1993 पासून बिनचालकाच्या गाड्या पेट्या वाहतायत, म्हणजे हे काही नवल राहिलेलं नाही. रात्रपाळीत अपघात कमी होतात, मजुरी वाचते. पण वेग वाढतोच असं नाही. कुशल क्रेनचालक वाऱ्यात, झुलत्या पेटीला जसा सावरतो तसं यंत्राला अजून रोज जमत नाही. ‘स्वयंचलित म्हणून वेगवान’ असं लिहिलेलं दिसलं की त्या पानावर पेन्सिलने खूण करा.

जमाखर्च
खुणा करून पेन्सिल संपत आली. एक शेवटचं. मला विस्ताराला हो किंवा नाही म्हणायचं नाहीये, पण चार प्रश्न लेखी विचारता येणार आहेत. तीन ठरले: ड्रेजिंगचा दरवर्षीचा खर्च, मागच्या जमिनीचा नकाशा, चढ-उतारीचा माल वेगळा काढून आकडे. चौथा कुठला विचारू?

बर्थनंबर4
पेटी यार्डात, म्हणजे बंदरातल्या पेट्या ठेवायच्या मैदानात, किती दिवस पडून राहते ते विचारा. आम्ही त्याला ड्वेल टाइम म्हणतो.

हिशेब तुमच्यासाठीच आहे. समजा यार्डात 20,000 पेट्यांची जागा आहे. पेटी सरासरी 7 दिवस राहिली तर वर्षाला जागा फिरते साधारण 10 लाख 40 हजार पेट्यांना. तीच पेटी 4 दिवसांत बाहेर पडली तर 18 लाखांच्या वर. प्रत्यक्षात यार्ड शंभर टक्के भरून चालत नाही, पेट्या हलवायला मोकळी जागा लागते, म्हणून दोन्ही आकडे थोडे खाली घ्या. पण प्रमाण तेच राहतं. एकही दगड न टाकता पाऊणपट क्षमता वाढली. त्यासाठी लागतं काय, तर कागदपत्रं जहाज यायच्या आधी तपासणं, गेटवर ट्रकला वेळ ठरवून देणं, रेल्वेची गाडी ठरल्या वेळी सुटणं. यात फीत कापायला काही नसतं, म्हणून हे कुणी मागत नाही.

मी एका बंदरात असताना नव्या क्रेन आल्या. काय त्यांचं कौतुक! जहाजं पूर्वीपेक्षा झपाट्याने रिकामी व्हायला लागली. गेटच्या लेन मात्र तितक्याच आणि रेल्वेचा रूळ एकच. तीन आठवड्यांत यार्ड तुंबलं. खालची पेटी काढायला वरच्या चार हलवायच्या, त्या ठेवायला जागा नाही. शेवटी मीच जहाजांना बाहेर थांबायला सांगू लागलो. क्रेन वेगवान झाल्या म्हणून जहाज थांबलं, हे वरच्यांना समजावताना माझी दातखीळ बसली होती. जानेवारी 2022 मध्ये लॉस एंजेलिस-लाँग बीचबाहेर 109 जहाजं रांगेत होती, तिथेही क्रेन काही मोडल्या नव्हत्या. पेट्या उतरवून ठेवायच्या कुठे आणि ओढायच्या कशाने, हा घोळ होता.

विचारताना सरासरी मात्र मागू नका, सरासरी ते आनंदाने देतील. शंभर पेट्यांतल्या सगळ्यात उशिरा सुटलेल्या पाच पेट्यांना किती दिवस लागले ते मागा. कारखानदार गोदामात साठा ठेवतो तो सरासरी पेटीच्या भरवशावर नाही, त्या शेवटच्या पाचांच्या भीतीने. ती भीती दहा दिवसांवरून सहावर आली, तर पाठीमागच्या मुलखातल्या प्रत्येक गोदामातून चार दिवसांचा माल, म्हणजे तेवढं अडकलेलं भांडवल, मोकळं होतं. तुमच्या दुसऱ्या आकड्यातला खरा भाग शोधायचा तर मी तिथून सुरुवात करीन.